भाग पाच : विशेष काही नाही

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना ‘ही मालिका मुलांनी बघण्यासारखी आहे का हो?’ असं विचारलं, की त्या चष्म्यावरून बघतात आणि उलट विचारतात, ‘कुणाच्या मुलांनी?’ विचारणारा आधीच अवघडलेला असतो, तो आणखी अवघडतो. मग त्या म्हणतात, ‘दुकानात जाऊन चपला चांगल्या आहेत का असं विचारता, की पाय पुढे करता?’

सगळी गल्ली त्यांना मिनिटमावशी म्हणते, कारण त्यांच्या तोंडी वेळ मिनिटांतच असतो. चहा उकळायला चार, माझ्या दुकानापर्यंत जिना उतरायला एक, आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचं स्वतःचं कौतुक ऐकायला फार तर दोन. त्यांचं कामच तसं आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मालिकांच्या खाली जी अक्षरं येतात, ती ह्या लिहितात. कोण काय बोललं ते लिहायचंच, पण बाकीचंही लिहायचं. दार आपटलं, लांब कुत्रं भुंकलं, कुणीतरी नाक ओढलं. कानाला हेडफोन आणि पायाखाली शिवणयंत्राला असतं तसं पेडल. दाबलं की चित्र थांबतं, सोडलं की चालतं. पंचवीस वर्षांत त्यांनी तीन पेडलं झिजवली आहेत.

त्या ह्या कामात आल्या त्या धाकट्या भावामुळे. तो जन्मापासून बहिरा. लहानपणी घरात टीव्ही लागला, की सात-आठ वर्षांची ही पोर भावासमोर टीव्हीकडे पाठ करून बसायची आणि कानावर पडेल ते हातांनी त्याला सांगायची. ‘निम्म्या मालिका मी पाठमोरीच बघितल्या,’ असं त्या हसत सांगतात. भाऊ आता सुतार आहे. इमारतीच्या मागेच त्याचा कारखाना आहे. त्याच्या करवतीचा त्रास होत नाही असा गल्लीत एकच माणूस, तो स्वतः. पोरं त्याला सुतारमामा म्हणतात.

माझं दुकान तळमजल्यावर. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, वह्या-पेनं. मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी लेक. नवरा मालाच्या ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. मी बोलायला फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी तक्रार करायला नको.

चिठ्ठ्यांचं प्रकरण माझ्याच दुकानात सुरू झालं. दातांचे डॉक्टर कसलेसे कागद घेऊन आले होते आणि मशीन तापेपर्यंत मला ऐकवत होते, की हल्लीच्या मालिकांत शाळेतली पोरं सिगारेटी ओढतात, प्रेमात पडतात, आईबापांशी खोटं बोलतात. म्हणून त्यांच्या घरी असलं काही चालत नाही. मावशी प्रिंटसाठी मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘तुमच्या घरी चालत नाही हो. तुमचा मुलगा समोरच्यांच्या घरी बघतो. सध्या सहाव्या भागावर आहे.’

डॉक्टरांचं तोंड असं उघडं राहिलं, की त्यांच्याच पेशंटची आठवण यावी.

‘आणि एक सांगू?’ मावशी म्हणाल्या. ‘सहाव्या भागात बाविसाव्या मिनिटाला तो सिगारेटवाला मुलगा खोकून खोकून रडतो, आणि त्याची बहीण त्याला न ओरडता पाणी देते. ते मिनिट तुम्ही मुलाबरोबर बसून बघायला हवं होतं. ते समोरच्यांबरोबर बघितलं त्यानं.’

संध्याकाळी डॉक्टर जिना चढून वर गेले आणि हातात एक चिठ्ठी घेऊन खाली आले. आठवड्याभरात आणखी चौघं वर जाऊन आले. मग मावशींनीच सांगितलं, की मी मूळ प्रत तुझ्या दुकानात ठेवते, मागेल त्याला काढून दे, माझा जिना झिजवू नका. भाग टीव्हीवर येऊन गेल्याशिवाय मात्र त्या एक अक्षर सांगायच्या नाहीत. त्यातलं काहीही आधी विचारलं, की तोंडाला कुलूप.

चिठ्ठी अशी असायची. ‘भाग दोन. मिनिट १९ : मुलगी बहिणीचा मोबाइल चोरून वाचते. पकडली जाते का? हो, शेवटच्या मिनिटाला. मिनिट २४ : वडील मुलीची माफी मागतात. हे चुकवू नका. मिनिट ३१ : तीन शिव्या. शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहिलात तर ऐकू येतात त्याच.’ कुठल्या वयाला चालेल ते मात्र कधीच नसायचं. वाईट वागणाऱ्याचं पुढे काय होतं, अडकलेल्याला मदत मिळते का, आणि कोणत्या मिनिटाला मोठ्यांनी शेजारी बसावं, एवढंच. खाली दर वेळी तीच ओळ : ‘आधी उपदेश नको. नंतर एकच विचारा, तुला कोण पटलं?’

लोकांना हे फार आवडलं. पोरांना त्याहून जास्त आवडलं, कारण नको त्या जागा नेमक्या कुठे आहेत ते त्यांना आयतंच कळायला लागलं! डॉक्टरांचा मुलगा माझ्याच दुकानात येऊन, माझ्याच मशीनवर, साळसूद चेहऱ्यानं चिठ्ठीच्या आठ प्रती काढून घेऊन गेला. ‘शाळेच्या प्रकल्पासाठी हव्यात काकू.’ मी मठ्ठासारख्या काढून दिल्या. मावशींना सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या आणि पुढच्या चिठ्ठीपासून त्यांनी माफीची, रडण्याची, मैत्रिणीसाठी भांडण्याची मिनिटं दुपटीनं लिहायला सुरुवात केली. म्हणाल्या, ‘शोधताहेतच, तर तेही सापडू दे त्यांना.’

आता माझ्या लेकीबद्दल. ती चौदा वर्षांची. बोलायला लागली तेव्हापासून थांबली नाही म्हणून आम्ही तिला टकळी म्हणतो. सकाळी दात घासताना सुरू व्हायची ती शाळेच्या बसमध्ये चढेपर्यंत. दुकानातली गिऱ्हाइकं तिच्यासाठी थांबायची. पण त्या वर्षी ती हळूहळू गप्प झाली. विचारलं की ‘काही नाही’. घरी आली की दप्तर, अभ्यास, मोबाइल, झोप. मी मनाची समजूत काढली, की पोरी वयात आल्या की होतात अशा. शिवाय दुसऱ्या बाजूनं ती गुणी झाली होती. पूर्वी रोज डबा निम्मा परत यायचा आणि रोज त्यावरून माझ्या तोंडाचा पट्टा चालायचा. आता डबा चाटूनपुसून रिकामा. मी येईल त्याला सांगायची, लेक शहाणी झाली हो माझी, एक घास टाकत नाही. डब्याच्या पिशवीला मात्र फिनेलचा वास यायचा. मी म्हणायची, शाळा बघा कशी स्वच्छ ठेवतात.

त्या सुमाराला बसवाली मालिका आली. दर भागाची सुरुवात शाळेच्या बसमध्ये व्हायची म्हणून सगळे तिला बसवाली म्हणायचे. नववीतल्या मुली, त्यांची भांडणं, चिठ्ठ्याचपाट्या, कुणाला गटात घ्यायचं, कुणाला काढायचं. टकळीचा अख्खा वर्ग बघत होता. तिनं कित्येक महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून काही मागितलं, ‘आई, मी बघू?’

मी मावशींकडे गेले. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, ‘तुझ्या लेकीचं सध्या काय चाललंय?’

‘काय चालायचंय? उत्तम चाललंय. अभ्यास करते, डबा संपवते, उलट बोलत नाही.’

‘उलट बोलत नाही? टकळी?’ मावशींनी विचारलं. पण माझ्या चेहऱ्यावर इतका अभिमान होता, की त्यांनी पुढे विचारलं नाही. पहिल्या पाच भागांच्या चिठ्ठ्या माझ्या हातात ठेवल्या. चौथ्यात दोन ठिकाणी ‘शेजारी बसा’ असं होतं, तिथे मी बसले. पाचव्याची चिठ्ठी सगळ्यांत लहान होती. ‘भाग पाच : विशेष काही नाही. एकटीनं बघितला तरी चालेल.’

तो रविवार होता आणि परीक्षांचे दिवस. दुकानात नोट्स काढायला रांग लागलेली. मधलं दार उघडं होतं. मागच्या खोलीत मालिकेतल्या पोरींची कलकल चालली होती ती मला ऐकू येत होती, आणि मग एकदम शांत झालं. नुसती पंख्याची घरघर. मला वाटलं, टीव्ही बंद केला आणि आमचाच पंखा ऐकू येतोय. मी मागे वळूनही बघितलं नाही. पुढचं गिऱ्हाईक ‘पाठपोट काढा’ म्हणत होतं.

थोड्या वेळानं न्हाणीघराची कडी लागल्याचा आवाज आला. रांग संपली तरी कडी उघडली नव्हती. मी दार वाजवलं तर आतून म्हणाली, ‘पोट दुखतंय.’ बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. सोमवारी शाळेत गेली नाही. मंगळवारीही नाही. ताप नाही, उलटी नाही, भिंतीकडे तोंड करून पडून. मंगळवारी दुपारी मी जवळ बसून म्हटलं, ‘मला सांग तरी.’ तर म्हणाली, ‘मी आता त्या शाळेत जाणारच नाही. दुसरी शोध.’

मी घाबरले. आणि मी घाबरले की मला राग येतो. रागाला कुणीतरी लागतंच, म्हणून मी पाचव्या भागाची चिठ्ठी उचलली आणि तरातरा जिना चढले. त्या एका मिनिटाच्या जिन्याला मला अर्धंच लागलं असेल.

मावशी कामाच्या टेबलाशी होत्या. सुतारमामा खाली बसून त्याच टेबलाचा अडकणारा ड्रॉवर रंध्यानं तासत होते. मी चिठ्ठी टेबलावर आपटली. ‘हे तुम्ही लिहिलंत? विशेष काही नाही? हा भाग बघितल्यापासून माझी पोर उठत नाहीये. काय आहे त्यात?’

‘खरंच काही नाही गं,’ मावशी गोंधळून म्हणाल्या. त्यांनी भाग पाचची फाइल उघडली आणि मला वाचून दाखवायला लागल्या. बसमधली कुजबुज. गणिताच्या सरांचा विनोद. ‘हे बघ. अकरा मिनिटं चाळीस सेकंद, कंसात पंख्याची घरघर. चौदा मिनिटं दहा सेकंद, कंसात घंटा. मग पुन्हा वर्ग.’

‘आणि मधे? अडीच मिनिटं पंखाच बघायचा का?’

मावशींनी फाइल पुन्हा खालीवर बघितली. मामा कधीपासून आमच्या तोंडांकडे बघत होते. त्यांनी हातांनी बहिणीला विचारलं, काय झालं? तिनं हातांनी सांगितलं. तो भाग मामांनी बघितलेला होता. त्यांनी रंधा खाली ठेवला. उठले, स्टुलावर बसले आणि दोन्ही पाय उचलून छातीशी घेतले. मांडीवर डबा असल्यासारखा धरला. झाकण अगदी सावकाश उघडलं. मग एक घास तोंडात घालून ओठ घट्ट मिटून ते हळूहळू चावायला लागले. बंद दाराकडे बघत. मधेच थबकत, बाहेर कुणीतरी आलं असावं तसे. ज्यांनी जन्मात एक आवाज ऐकला नाही त्या माणसानं, आवाज होऊ नये म्हणून कसं चावतात, ते माझ्यासमोर करून दाखवलं.

‘संडासात,’ मावशी पुटपुटल्या. ‘ती मुलगी संडासात बसून डबा खाते. एकटी.’

मला आधी फिनेलचा वास आठवला. मग रोजचा तो चाटूनपुसून रिकामा डबा आठवला.

मावशींनी तो प्रसंग लावला. खरोखरच अडीच मिनिटं एक शब्द नव्हता. बघून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. ‘हे माझ्या डोळ्यांसमोरून गेलंय,’ त्या म्हणाल्या. ‘मी घरघर टाइप केली आणि कान पुढच्या आवाजावर लावला. चिठ्ठी मी माझ्या फाइलीवरून लिहिते. फाइलीत जे ऐकू येतं तेच असतं. लहानपणापासून ह्याला सांगत आले कोण काय बोललं. काय दिसतं ते ह्यानं कधी विचारलंच नाही, कारण ते ह्याला माझ्यापेक्षा बरं दिसायचं. चुकले गं मी. फार चुकले.’

माझा राग कुठल्या कुठे गेला होता. कारण चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईनं अडीच मिनिटं चुकवली, आणि मी, जिनं टकळीला जन्म दिला, मी अख्खं वर्ष चुकवलं होतं. मी म्हटलं, ‘आत्ता जाते शाळेत. एकेकीच्या आईला बोलावते आणि...’

‘बस खाली,’ मावशी म्हणाल्या. ‘शाळेत जायचंच आहे, पण आधी तिच्याकडे जा. आणि प्रश्न विचारू नकोस. तू विचारायला लागलीस की पोलीस चौकीत बसल्यासारखं वाटतं. तिच्याबरोबर तो भाग बघ. बोललीस तर त्या मालिकेतल्या पोरीबद्दलच बोल.’

बुधवारी दुपारी मी दुकानाच्या दाराला ‘मशीन बंद आहे’ अशी पाटी लावली. मशीन ठणठणीत होतं. टकळीला म्हटलं, ‘मला तो पाचवा भाग बघायचाय. तू बस माझ्याजवळ, मला त्या पोरींची नावंच लक्षात राहत नाहीत.’ तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग उठून बसली.

बसमधली कुजबुज झाली. गणिताच्या सरांचा विनोद झाला. पंखा घरघरायला लागला आणि माझ्या शेजारी माझी पोर श्वास रोखून बसली. मी काहीच बोलणार नाही असं ठरवलं होतं, पण माझं तोंड माझं ऐकत असतं तर काय हवं होतं! मी पडद्याकडे बघतच म्हटलं, ‘हिनं पाय कशाला वर घेतलेत?’

तिचे डोळे पडद्यावरच होते. मग टकळी म्हणाली, ‘दाराखालून बूट दिसतात. बुटांवरून ओळखतात.’

हे मालिकेत कुठेच नव्हतं. मी तिला जवळ ओढलं आणि आम्ही दोघी रडलो. तो भाग आपला पुढे चालू राहिला.

मग तिनं सांगितलं. वर्ष सुरू झालं तेव्हा बाक बदलले. तिच्या तिन्ही मैत्रिणी एका बाकावर गेल्या आणि मधल्या सुट्टीत म्हणाल्या, इथे जागा नाही. दुसऱ्या दिवशीही नव्हती. ती फार बोलते म्हणून त्यांना कंटाळा येतो, असं एकीनं सांगितलं. मग ही गप्प झाली, तरी जागा झालीच नाही. एकटीनं बाकावर बसून खाल्लं की सगळे बघतात, म्हणून तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातलं शेवटचं दार. आणि आता सगळ्या वर्गानं हा भाग बघितला होता. ‘आता ते दार बंद दिसलं की सगळ्यांना कळणार ना आई, आत काय चाललंय ते. आता मी कुठे जाऊ?’

‘अगं, मला का नाही सांगितलंस?’

‘सांगणार होते. पण डबा रिकामा बघून तू इतकी खूश व्हायचीस.’



चित्रकलेच्या बाई माझ्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. गुरुवारी सकाळी मी त्यांना शाळेच्या फाटकाशी गाठलं आणि आवाज न चढवता सगळं सांगितलं, हे खास नमूद करते. त्यांनी कुणाला बोलावलं नाही, वर्गात भाषण दिलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत चित्रकलेची खोली उघडी ठेवायला लागल्या आणि फळ्यावर लिहिलं, ‘ज्यांना बसायचं त्यांनी बसा. ब्रश धुवायला मदत लागेल.’ टकळीला घरातून बाहेर काढायला मला एक तास लागला. शेवटी ती म्हणाली, ‘फक्त आजच्या दिवस हं.’

पहिल्या दिवशी खोलीत ती एकटीच होती. तिनं डबा खाल्ला आणि अकरा ब्रश धुतले. सोमवारी घरी आली ती दप्तर न काढताच माझ्यापुढे उभी राहिली. ‘आई, आज एक मुलगी आली. दुसऱ्या तुकडीतली, उंच आहे ती. माझ्यापासून लांब बसली होती, पण तिनं डबा उघडला ना, तेव्हा मला कळलं.’

‘काय कळलं?’

‘तिच्या पिशवीला फिनेलचा वास होता.’

मी मशीनमध्ये कागद घालत होते. सगळे वाकडे गेले.

‘मी तिला विचारलं, कुठला मजला? ती म्हणाली, दुसरा.’ आणि माझी लेक हसली. वर्षभरात न ऐकलेलं हसू ते.

इकडे मावशींनी वेगळाच उद्योग मांडला होता. पाचव्या भागाची चिठ्ठी कुणाकुणाला दिलीस ते आठव, म्हणाल्या. मी सतरा घरं आठवली. त्या सतरा घरी त्यांनी स्वतः जाऊन नवा कागद दिला, सतरा जिने चढून. त्यावर लिहिलं होतं : ‘दुरुस्ती. भाग पाच, मिनिट ११.४० ते १४.१० : एक मुलगी संडासात लपून डबा खाते. मी आधी विशेष काही नाही असं लिहिलं, ती माझी चूक. हे मुलांबरोबर बघा. मग गप्प बसा. ती बोलतील.’ माझ्या लेकीचं नावही त्यात नव्हतं. वाटून आल्यावर त्या माझ्या दुकानात स्टुलावर बसून म्हणाल्या, ‘झालं. आता कुणी माझ्या चिठ्ठीला हात लावणार नाही, आणि ते बरोबरच आहे.’

तेवढ्यात दातांचे डॉक्टर आले. मला वाटलं, आता हे दोन मिनिटांत उरकणार नाहीत. ते म्हणाले, ‘पुढच्या भागाची चिठ्ठी कधी?’

‘अजून हवी आहे?’ मावशींनी विचारलं.

‘आधी मी नुसती घेत होतो. चुकलं तर तुम्ही घरी येऊन सांगता हे कळल्यावर आता विश्वास बसला,’ डॉक्टर म्हणाले. मग घसा खाकरून पुढे म्हणाले, ‘काल आम्ही दोघांनी तो भाग बघितला. आमचे चिरंजीव म्हणाले, वर्गात एक नवा मुलगा एकटाच बसतो. आज त्याच्याजवळ जाऊन बसलाय म्हणे. म्हणे हं. मी काही बघायला गेलो नव्हतो.’ आणि ते कधी नव्हे ते एका मिनिटात गेले.

आता चिठ्ठी दोघं मिळून लिहितात. मावशी एकदा कानांनी बघतात. मग आवाज बंद करून भाग पुन्हा लावतात, आणि मामा शेजारी बसून बघतात आणि हातांनी सांगतात. कागदावर दोन रकाने झाले आहेत, ‘ऐकू येतं’ आणि ‘दिसतं’. दुसरा नेहमी लांब असतो. मामा महा चिकित्सक. परवा त्यांनी लिहायला लावलं, ‘मिनिट ८ : आजोबा हसतात, पण खोटं.’ मावशी म्हणाल्या, हे कशाला? मामा हटूनच बसले. मला वाटतं मामांचंच बरोबर आहे, पण बहीणभावाच्या मधे पडायचं नाही हे मी शिकले आहे.

टकळीच्या त्या तिघींचं म्हणाल, तर दोघी अजूनही तिच्याशी बोलत नाहीत. तिसरी कधीतरी चित्रकलेच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहते आणि ब्रश हवाय का विचारून जाते. बघू. घाई नाही. खोलीत आता सहा-सात जणी असतात, आणि ब्रश इतके स्वच्छ असतात की ते मळवायला बाईंना रंग कमी पडतात.

गेल्या आठवड्यात ती शाळेतून आली, मी डबा धुवायला घेतला आणि झाकण उघडलं तर निम्मा तसाच.

‘हे काय? का नाही संपवलास?’ सवय जाते कुठे, मी खेकसलेच.

‘अगं, आम्ही बोलत होतो ना! बोलता बोलता घंटाच झाली. तुला सांगते आई, ती उंच आहे ना, तिचा भाऊ...’

मी नळ बंद केला. ती मागे उभी राहून सांगतच होती, हातवारे करून, श्वास न घेता. दुकानात कुणीतरी ‘आहे का कुणी?’ म्हणून हाक मारत होतं. मी ओट्याशी उभ्या उभ्याच तो उरलेला डबा खाल्ला. गार झाला होता. सगळा संपवला, आणि दुसऱ्या दिवशी रोजच्यापेक्षा थोडा जास्तच भरला.